न घाबरवणारं भूत

लाडके,

तू फोनवर सारखी सांगत होतीस, म्हणून ती भुताची कादंबरी मी वाचून काढली. अगदीच पुळचट निघाली. भूत दार वाजवून आत येतं आणि नायिका त्याच्याशी गप्पा मारत बसते. मला एकदाही भीती वाटली नाही.

"मावशी वाचून दाखवते ना, तेव्हा अंगावर काटा येतो," म्हणालीस. बाबांच्या नव्या बायकोला तू मावशी म्हणायला लागलीस, हे मला तेव्हाच कळलं.

काल दुपारी शिलाई मशीन थांबवून मी एक प्रकरण भुताच्या आवाजात मोठ्यानं वाचलं. शेजारच्या काकू धावत आल्या. "काय गं, रडतेस कशाला?"

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर मात्र पुस्तक आवडलं म्हणेन.

तुझीच,
आई