स्तोइनाचं फीड

गाब्रोवो, ९ ऑक्टोबर १९८४

प्रिय मिन्योदादा,

तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीच्या मिरच्या भाजून बाटल्यांत गेल्या असतील. आमच्या बाल्कनीत अजून धूर आहे. बाकी सगळं ठीक.

ठीक म्हणजे, कारखान्याच्या दारातल्या मानाच्या फलकावर माझा फोटो लागला. नाक फार मोठं आलं होतं.

त्याचं असं झालं. पंपाच्या साठ झाकणांत ड्रिलने पाडलेली बारा मिलिमीटरची भोकं रीमरने कोरून अचूक मापाला आणायची होती. मी जपून केलं. फेरे ड्रिलच्याच वेगाचे ठेवले आणि रीमर आत सरकवायचं फीड मुंगीच्या पावलाने. रीमर किंचाळत होता. तपासनीस कुंचेवने भोक मापायच्या गेजची आत जायला नको ती बाजू भोकावर टेकवली, तर गेज आरपार जाऊन त्याच्या बुटावर पडला. म्हणाला, “स्तोइना, हे भोक आहे की विहीर?” बावीस झाकणं भंगारात गेली.

उरलेल्यांसाठी मी फेरे निम्म्यावर आणले, फीड दुप्पट केलं, तेल सढळ सोडलं. किंचाळणं थांबलं. भोकं आरशासारखी. साहेबांनी विचारलं, “युक्ती कुणाची?” मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे ‘माझी’ म्हणणंच, दादा.

कारण तू हेच सांगितलं होतंस, गेल्या वर्षी कँटीनमध्ये. “हळू फिरव, पण भराभर पुढे ने. भीत भीत घासत बसू नकोस.” आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, “निवृत्त माणसांनी नातवंडं सांभाळावीत.” तेव्हापासून तू आमच्याकडे जेवायला आलेला नाहीस.

काल चाळीस जणांपुढे माझं व्याख्यान ठेवलं. गिअर विभागातल्या झ्लात्काने विचारलं, “भराभर नेल्यावर भोक चांगलं का होतं?” मला ते माहीत नव्हतं. तू कारण सांगत होतास तेव्हा मी सूप आणायला उठले होते.

मग म्हटलं, “युक्ती माझी नाही, माझ्या भावाची. त्याच्याशी मी भांडले आहे.”

कुणी हसलं नाही. कुंचेव तेवढा म्हणाला, “मग बाई, घरी जाऊन पत्र लिहा.”

फोटो आज सकाळी मीच उतरवला. साहेबांनी तुला शुक्रवारी तीनला ते कारण समजावायला बोलावलंय. माझ्यासाठी नको, झ्लात्कासाठी ये.

नाही, माझ्यासाठीच ये. हे एक वाक्य लिहिताना तीन कागद फाडले.

चुकलेली, पण तुझीच,
स्तोइना