साहेबांनी ठेवून घेतलेली शिफारस

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी पाच अंगांचाच समज.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने सांगितलेला व्यायाम करतोस, की केला असं नुसतं सांगतोस? तू पाठवलेलं नकाशांचं जाडजूड पुस्तक पोचलं. पान न् पान उलटून पाहिलं.

तर बातमी अशी, की मी भूशास्त्र आणि पर्यावरणाच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज केला आहे. हसून झालं? तुझे मेहुणे तर पाणी पिता पिता ठसकलेच. "या वयात शिकून काय दिवे लावणार?" म्हणाले, आणि मग मुकाट्याने माझा चष्मा दुरुस्तीला घेऊन गेले. तुला आठवत असेल, पदवीनंतर याच वर्गासाठी अर्ज केला होता. उत्तरच आलं नाही. आपण त्यांच्या पसंतीस उतरलो नाही असं समजून मी या माती तपासायच्या प्रयोगशाळेत शिरले, ती बावीस वर्षं इथेच. दादा, मला खरंच शिकायचंय रे. एवढ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पण ही माती झाली कशी, किती वर्षांत, असं कुणी विचारलं की मला फक्त बरणीचा नंबर सांगता येतो.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात, एक वरिष्ठांचं आणि एक शिक्षकांचं. आमचे साहेब (माघारी आम्ही त्यांना चाळणी म्हणतो, प्रत्येक रजेचा अर्ज चाळतात म्हणून) म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहून आणा, मी सही ठोकतो." मग काय, मी हात आखडता घेतला नाही. बावीस वर्षांत एक बरणी चुकली नाही, बंद पडलेलं यंत्र हिच्या हाताने चालू होतं, साहेब रजेवर असले तरी कुणाला कळत नाही, सगळं लिहिलं. नेमकं हेच पत्र साहेबांनी वाचलं! वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, एवढ्या गुणाचं माणूस मी सोडेन होय?" पत्र खणात, आणि कोठीच्या किल्ल्या माझ्या गळ्यात. वर म्हणतात, आजवर कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नवं पत्र नेलं. बाई हुज्जत घालतात, यंत्रांना नावं ठेवतात, साहेबांच्या कामातल्या चुका चारचौघांत काढतात. यावर सही इतक्या झपाट्याने झाली की कागद फाटायचाच बाकी होता. मी डोळे मिटून अर्जाला जोडलं आणि आपला कारभार आटोपला असं धरून चालले.

तर काल तिथल्या विभागप्रमुख बाईंचा फोन! म्हणे, साहेबांच्या नेमक्या कुठल्या चुका काढता? आता मला कुणी असं विचारावं आणि मी गप्प बसावं? पाऊण तास बोलले. ओल्या मातीचं वजन न करताच ती भट्टीत वाळवायची आणि मग तिच्यात ओलावा किती होता ते लिहायचं, हा साहेबांचा हुकूम ऐकून त्या इतक्या हसल्या की फोन लांब धरावा लागला. म्हणाल्या, मुलाखतीला या. पण शिक्षकांचं पत्र पुढच्या शुक्रवारपर्यंत हवं, नाहीतर अर्ज बाद.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार, तुला जास्त.

तुझी,
धाकटी

ता. क. : माझे कॉलेजातले सर कुठे गेले याचा पत्ता नाही. नववीत भूगोल तू शिकवलास. सोबतच्या पत्रावर सही कर. आडनाव लग्नात बदललं ते असं कामी आलं.

ता. क. २ : पत्रात तू म्हणतोस, की ही मुलगी न बघता नद्या काढायची. (दोन नद्या डोंगर चढायच्या, ते तू म्हणत नाहीस.)

ता. क. ३ : पाकीट तू पोस्टात टाकू नकोस. माझा बावीस वर्षांपूर्वीचा अर्ज तुझ्या नकाशांच्या पुस्तकात सापडला, तिकीट लावलेला, तू पोस्टात टाकायला नेलेला. रडत बसू नकोस, माझं रडून झालंय. गुरुवारी सकाळी पाकीट न्यायला मीच येते.