ह्यांचं इंजिन, लेकीची गाडी

३ नोव्हेंबर
लेकीच्या पिकअपचं इंजिन गेलं! भर चढावर. नर्सरीची रोपं गाडीतच अडकली.
माझे धाकटे दीर मेकॅनिक. बॉनेट उघडून म्हणाले, "एवढंसं इंजिन, एवढा माल. दुसरं काय होणार?" मग माझ्याकडे न बघता — "दादाच्या ट्रकचं मोठं इंजिन मावेल ह्यात."
मी तडक आत आले.

४ नोव्हेंबर
नाही द्यायचं.

७ नोव्हेंबर
ट्रकचा सांगाडा गंजलाय, पायाखालून जमीन दिसते. रस्त्यावर न्यायच्या लायकीचा नाही. पण इंजिन ठणठणीत! हे गेल्यापासून रोज सकाळी मी ह्यांच्या जागेवर बसून चावी फिरवते. जरा धडधडू देते. मग बंद. तेवढ्यावर दिवस निघतो.
लेक इंजिनाचा विषयही काढत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आज तिचं एक गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. "असू दे गं आई," म्हणाली आणि रोपांना पाणी घालत बसली.

८ नोव्हेंबर
"भाऊजी, नुसतं बघा हं," म्हटलं.
त्यांनी ऑइलचं झाकण काढलं. आतून पांढरा, सायीसारखा थर!
"वहिनी, रोज किती वेळ चालू ठेवता?"
"थोडाच. जपून."
ते बराच वेळ झाकण पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या जपण्यानंच बिघडतंय. नीट तापतच नाही, आतल्या वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं. इंजिनाला ओझं लागतं, वहिनी."
पुस्तकं एवढी वाचते मी, आणि हे कळू नये! रोज सकाळी उठून ह्यांचंच इंजिन मारत होते.

९ नोव्हेंबर
काढा म्हटलं.

१४ नोव्हेंबर
इंजिन साखळीला लोंबकळत बाहेर आलं. ट्रकच्या पोकळीत मी वाकून पाहिलं — न पाहते तर बरं.
पिकअपमध्ये कसंबसं बसलं, पण बॉनेट लागेना. भाऊजी घामाघूम. लेक म्हणाली, "काका, बाबांच्या कोटाचं बटण आठवतं? श्वास रोखून लावायचे!" भाऊजी हसता हसता खालीच बसले. मीही! हे गेल्यापासून ह्यांच्यावर पहिल्यांदा हसलो.
शेवटी बॉनेट कापून वर पत्र्याचं टेंगूळ बसवलं. कुरूप दिसतं. शोभतं.

१८ नोव्हेंबर
चावी फिरवली. पहिल्यांदा नुसताच खोकला. दुसऱ्यांदाही. लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग काळा धूर — आणि सुरू झालं!
पण आवाज वेगळा. सायलेन्सर नवा ना. मी ऐकत राहिले, ओळख पटेना. मग त्या टेंगळावर तळवा ठेवला. थरथर तीच.
भाऊजी म्हणाले, "आता गाडी भरा. रिकामी फिरवू नका."

२१ नोव्हेंबर
लेकीबरोबर माल पोचवायला गेले. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "आई, खांदे भरून आले. गाडी घेतेस चालवायला?"
चढ सरल्यावर वळून पाहिलं. ती गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी ह्यांच्या शेजारी झोपायची तशी. मी हॉर्न न वाजवता गाडी हाकत राहिले.