आधी माहिती, मग मस्करी

मंगळवार, ४ मार्च

परत खोडलं! लिफ्टबद्दलचं माझं वाक्य मास्तरांनी परत खोडलं. मी काय लिहिलं होतं — "जुन्या इमारतीतली लिफ्ट जावयासारखी आहे. बोलावून येत नाही, आणि आली की हलत नाही." सकाळी बघते तर त्या जागी — "लिफ्ट अनियमित आहे. जिना वापरावा." वाचणार आहे का कोणी हे?

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही मोठ्या इस्पितळात मुक्कामच ठोकला होता. केसपेपर कुठे, एक्स-रे कुठे, कोणी धड सांगेल तर शपथ. तेव्हा फोनवर 'सोबत' सापडली. पेशंटबरोबर आलेल्या लोकांनी पुढच्यांसाठी लिहून ठेवलेली माहिती. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. सासूबाई घरी आल्या, काठी टेकत का होईना चालायला लागल्या. पण मला लिहायची चटक लागली ती लागलीच. आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की एका हाताने काचा पुसायच्या, दुसऱ्या हाताने 'सोबत'!

मास्तर कोण, देव जाणे. नाव लावत नाहीत. दुरुस्ती अशी करतात की लाल शाई दिसायला लागते. म्हणून मास्तर.

बुधवार, ५ मार्च

मी परत टाकलं. त्यांनी परत खोडलं. खाली टीप — "येथे येणारी माणसे काळजीत असतात. त्यांना हसवणे हे आपले काम नाही."

मी लिहिलं, "काळजीतल्या माणसालाच हसायची गरज असते हो. बाकीच्यांचं हसून झालेलं असतं."

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "जावयाचं छान आहे. फक्त आपल्या जावयाच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

शनिवार, ८ मार्च

आज लेखणीला धार होती! रक्ततपासणीच्या खिडकीबद्दल लिहिलं — "इथे येताना पोटभर खाऊन या, वर डबाही आणा. तुमचा नंबर लागेपर्यंत नातवंडांची लग्नं होतात." हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस. एकीने लिहिलं, "आईला दाखल केल्यापासून आज पहिल्यांदा हसले." मला अगदी मूठभर मांस चढलं.

आणि मास्तर गप्प! मैदान मोकळं.

मंगळवार, ११ मार्च

मास्तर अजून फिरकले नाहीत. भांडायला कोणी नाही तर चुकल्याचुकल्यासारखं का वाटतंय?

गुरुवार, १३ मार्च

फ्रेमला स्क्रू बसवत होते. फोन वाजला म्हणून पाहिलं. एका मुलीने 'सोबत'वर लिहिलं होतं —

"बाबांना तुमचं पान वाचून दाखवलं. त्यांना ते खरंच वाटलं. सकाळी पोटभर खाऊन आले. तपासणी उपाशीपोटी करायची होती. रक्त घेतलंच नाही. रिपोर्ट नाही म्हणून उद्याचं ऑपरेशन पुढे गेलं. बाबा कोणावर रागावले नाहीत. माझंच चुकलं, म्हणतात."

स्क्रू हातातून कुठे उडाला कोण जाणे. रागावले असते तर बरं झालं असतं!

ते वाक्य खोडलं. मग लिफ्टचं खोडलं. बाकांचं, पार्किंगचं, नर्सबाईंच्या चपलांचं — सगळं खोडून टाकलं.

नवरा म्हणाला, "अगं, असं कोणी खरं मानेल असं कोणाला वाटेल?"

घाबरलेला माणूस मानतो. सासूबाईंना आत नेलं होतं तेव्हा कोणी 'एका पायावर उभी राहा' म्हणालं असतं तर मी राहिले असते.

शुक्रवार, १४ मार्च

मुलीला लिहिलं. माफी मागितली. लांबण लावली नाही. तिचं उत्तर — "सोमवारची तारीख मिळाली आहे." एवढंच.

दुकानात मन नाही. गिऱ्हाइकाला लांबचा चष्मा द्यायचा तर जवळचा दिला. तो दारापर्यंत गेला आणि दारालाच धडकला.

शनिवार, १५ मार्च

मास्तर परत आले! वाटलं, आता चांगली खरडपट्टी. "मी सांगत नव्हतो?" — झालंच. डोळे बारीक करून वाचलं.

"तुम्ही काढलेली वाक्ये मी परत ठेवली आहेत. रक्ततपासणीचे मात्र नाही. 'जिना वापरावा' हे माझे वाक्य तेथे कित्येक महिने होते. कोणी जिना वापरला नाही. तुमचा जावई वाचून लोक हसतात आणि जिन्याने जातात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे."

खाली आणखी — "एक सुचवतो. आधी माहिती, मग मस्करी. आणि औषध, उपास, रक्त, या ठिकाणी मस्करी नाहीच. मान्य?"

मान्य! मान्य! मान्य! काउंटरवर डोकं टेकून जरा रडले. गिऱ्हाईक म्हणालं, "नंबर वाढला का हो तुमचा?"

रविवार, १६ मार्च

दुकान बंद. दिवसभर मास्तर आणि मी. रक्ततपासणीचं पान आधी — "उपाशी यायचं की नाही, ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. कोणीच सांगितलं नाही तरी विचारा." पुढे काही नाही. ठणठणीत कोरडं. मला आवडलं.

मग बाकं. त्यांचं — "अपघात विभागाबाहेर बाके आहेत. पाठ टेकता येते." माझं — "झोप लागत नाही. लागली तर शेजाऱ्याच्या खांद्यावर लागते, आणि त्यातून ओळखी होतात."

आणि मग कँटीन! मी काही लिहायच्या आतच मास्तरांचं उमटलं — "येथील चहा गरम असतो. याहून अधिक चांगले त्याच्याबद्दल लिहिता येत नाही."

मास्तरांनी विनोद केला!! सासूबाईंना ओरडून हाक मारली. त्या काठी विसरून आल्या. वाचलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली बरा तयार होतोय की."

मंगळवार, १८ मार्च

मुलीचा निरोप! ऑपरेशन सुखरूप. बाबा शुद्धीवर आल्या आल्या म्हणाले, "आता खाऊ का? नीट विचारून ये हां!"

हुश्श. दुकानभर नाचले. आरसे आहेत चारी बाजूंना — सगळ्या नाचल्या.

शुक्रवार, २१ मार्च

'सोबत'वर मास्तरांनी नवं पान उघडलंय. मथळा — "एकट्याने दाखल होणाऱ्यांसाठी". आत माहिती काहीच नाही. फक्त हे —

"दाखल करताना 'बरोबर कोण आहे?' असे विचारतात. कोणीच नसेल तर काय सांगावे, हे मला माहीत नाही. सोमवारच्या आत कोणी लिहिले तर बरे होईल."

मला वाटलं, कोणा वाचकासाठी विचारतायत. परत वाचलं. सोमवारच्या आत...

मी लिहिलं — "मी येते. तुमचं नाव सांगा. खिडकीवर विचारतील."