मामीच्या आवाजाची मुलाखत

रोहिणखेड

प्रिय समीक्षा,

तुझ्या मामीच्या मुलाखतीचा खरा खर्च ऐक : माझी दुपारची झोप, डबाभर चिवडा आणि मामा म्हणून असलेला माझा मान. माझ्याच घरातून मला बाहेर काढणारी तू पहिलीच!

पण काढलंस ते बरं केलंस. गाणाऱ्या बायकांच्या आवाजावर तुझा प्रबंध. मी म्हटलं, मामीला काय विचारतेस, मलाच विचार. दुसऱ्याच्या वायरी गुंडाळत स्वतःची साउंड सर्व्हिस उभी केलेला माणूस मी. कोणता स्पीकर फाटला ते वेशीवरून सांगतो. "हिचा घसा बसला," असं तुला सांगूनही टाकलं. तू हसलीस. "मामा, हे तुमचं झालं. मला मामीचं पाहिजे." वरून मामी म्हणते, "जा ना जी तुमी, पोरीले काम करू द्या."

भजनी मंडळात मामी कायम पुढे म्हणणारी. यंदा तिचा सूर सुटायला लागला, तशी मंडळातली रुखमाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "अन्नपूर्णाबाई, आता मांगं बसून टाळ वाजवा." तेव्हापासून मामीनं भजन सोडलं, घरात गुणगुणणंही सोडलं. मी काढे दिले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सगळे एकच विचारायचो, घसा दुखते का? ती बिचारी हो म्हणायची.

तू गेल्यावर तिनंच सांगितलं. तू घशाचं नावही काढलं नाहीस. गाताना काय होतं एवढंच विचारून गप्प बसलीस. ती म्हणाली, "बाकीच्या बाया पाण्याखालून गाऊन राह्यल्या असं वाटते." दुसरं कोणी असतं तर वा, काय भाव आहे, असं लिहून मोकळं झालं असतं. तू दुसऱ्या दिवशी येऊन लिहिलेलं तिला वाचून दाखवलंस. तेव्हा तिनं दुरुस्ती केली, "सगळ्या नाही वं, डाव्या हाताच्या."

त्यावरूनच तू तिला बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलंस. परवा शेगावला मंडळाचं भजन झालं. डाव्या कानात ऐकायचं मशीन लावून मामी पुढे बसली आणि रुखमाबाईनं तिच्या मागं म्हटलं. हे तुला कळवावं, तुझे आभार मानावेत, म्हणून लिहायला बसलो. बाकी, मी इतकी वर्षं जेवायला रोज तिच्या डाव्या हातालाच बसतो.

तुझाच,
भगवानमामा