बिल्डिंगचा रिलिव्हर

१९ एप्रिल
आठलाच घामाघूम. पेपरात पुन्हा तेच. जग तापतंय, एकटे राहणारे म्हातारे उष्माघाताने घरातल्या घरात दगावतात, शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळतं. मला काळजी नाही. चाकणच्या फाउंड्रीत उभी नोकरी भट्टीवर काढली. बाकीच्यांचं मात्र काहीतरी करायला हवं.

२१ एप्रिल
सुचलं! भट्टीवर एकटा माणूस उभा करायचा नाही, हा आमचा नियम. जोडी लावायची. एकाला चक्कर आली की दुसऱ्याने ओढून बाहेर काढायचं. बिल्डिंगमध्ये आम्ही एकटे राहणारे सातजण. जोड्या लावायच्या, रोज दुपारी एकमेकांना फोन. अख्ख्या पिंपळे सौदागरमध्ये हे कोणाला सुचलं नसेल.

२२ एप्रिल
मीटिंग यशस्वी. समोरच्या फ्लॅटमधल्या विमलबाई आणि वरच्या यशोदाबाई ही पहिली जोडी. तीन जोड्या झाल्या, मी उरलो. यशोदाबाई म्हणाल्या, आमच्यात या की, तिघं होऊ. म्हणालो, शिस्त मोडते. मी रिलिव्हर. कोणी रजेवर गेला की त्याच्या जागी उभा राहतो तो. सर्वांत जबाबदारीची पोस्ट.

२६ एप्रिल
सगळे हजर. दुपारभर फोन हातात. यशोदाबाई पुतणीकडे बारशाला देहूला जाणार असं कळलं. तयारीत आहे.

२८ एप्रिल
गेल्या. आणि विमलबाईंना देहूहूनच फोन केला! रजेवरच्या माणसाने ड्युटी करायची नसते. निषेध.

१ मे
ह्यूस्टनहून ज्ञानेशचा व्हिडिओ कॉल. म्हणाला, बाबा, इथेही उकाडा लवकर आलाय, डॉक्टर म्हणतात म्हाताऱ्यांना एकटं ठेवू नका. एसी घ्या. मी म्हणालो, एसीने घर थंड, गल्ली गरम. आणि मी एकटा कुठे आहे, सगळी कमिटी आहे. त्याला मीटिंग होती, ठेवला.

४ मे
नवा प्रोजेक्ट : गच्चीला चुना. स्लॅब कमी तापतो. भर दुपारी करणार, म्हणजे झटपट वाळेल. वॉचमन भैरू म्हणाला, न्हाई साहेब, उन्हाचं नगं, सकाळी आमी येतो जोडीला. म्हणालो, भट्टीवाल्याला ऊन शिकवू नकोस.

६ मे
अर्धी गच्ची पांढरी. मग मी आडवा. विमलबाई कुरडया उलटायला आल्या म्हणून सापडलो. भैरूने खाली आणलं, सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागला नसतात. डॉक्टरांना वाढवून सांगायची सवय असते. विमलबाई रडत होत्या. म्हणाल्या, हिंदुराव, उद्यापासून मी तुम्हालाही फोन करते. मी स्पष्ट नको म्हटलं. रिलिव्हरला कोणी फोन करतं का? बरं म्हणाल्या.

९ मे, दुपार
फोन चालू आहे. रेंजही आहे. विमलबाईंनी माझं नको खरंच मानलं. कौशल्या होती तेव्हा मी नको नको म्हणायचो आणि ती वाढायचीच. तीन वर्षं झाली, सवय गेली नाही. आज फार एकटं वाटलं. हे नंतर खोडायचं.

शेवटी मीच विमलबाईंना फोन लावला. आधी एंगेज. मग उचलला. विचारलं, यशोदाबाई एवढ्यात पुन्हा कुठे रजेवर जाणार आहेत का?

नाही म्हणाल्या.