केडगाव रॅपिड: सगळे सामील

४ जून
आजपासून राग बंद. डिप्लोमा मी बुद्धिबळासाठी सोडला, हे घरी पटायला वेळ लागेल. रविवारी केडगावला एकोणीस वर्षांखालची रॅपिड स्पर्धा, मुलं-मुली एकत्र. पहिले दोघं राज्य स्पर्धेला सांगलीला, एकाच एसटीने. एक आमच्या बुद्धिबळाच्या ग्रुपमधली दिशा, दुसरा मी. सांगलीपर्यंत शेजारी! बोलायचे विषय काढून ठेवले.
आई म्हणाली, "कालेज सुटलं, आता लाकडाची घोडी सांभाळ."
रागावलो नाही. फक्त ताट सरकवलं.

६ जून
कामाला जातो त्या वर्कशॉपात सुट्टी मागितली. रंभाजीशेठ लगेच 'जा' म्हणाले. इतकं लगेच? त्यांना कोणी फोन केला?
दिशाने 'ऑल द बेस्ट' टाकलं. ग्रुपवर, पण माझ्यासाठीच. त्यावर देवळाली प्रवराच्या पार्थने हार्ट दिला. पार्थवर नजर ठेवायची.

७ जून, दुपारी
पार्थशी बरोबरी. गडी चालीआधी खोकतो. घोड्याला एकदा, उंटाला दोनदा. इशारे! पंच भागवत सरांकडे तडक गेलो. घड्याळ थांबवायचं राहिलं, वेळ माझाच गेला. सर म्हणाले, "अरे बाबा, त्याला सर्दी झालीय. तू पट बघ." सरही सामील.

७ जून, संध्याकाळी
शेवटची फेरी. दिशा आणि मी सर्वांत पुढे, पार्थ एका गुणाने मागे. समोर दिशाच! शर्ट इन केला.

८ जून
नीट लिहून ठेवतो.
डाव अगदी समसमान. दिशाने हळूच विचारलं, "बरोबरी?" मी सावध. समसमान असताना विचारते म्हणजे तिला काहीतरी दिसलंय. "न्हाई!" म्हणालो. जरा जोरात. सगळा हॉल बघायला लागला. मग तिचा सापळा शोधत बसलो. शोधता शोधता माझा वेळ संपला. हरलो.
तिकडे पार्थ जिंकला. आमचे गुण सारखे, मग टायब्रेकच्या हिशोबाने दुसरा नंबर त्याचा. टायब्रेक काढला लॅपटॉपने. लॅपटॉप कोणाचा? भागवत सरांचा.
दिशा बाहेर चप्पल घालताना म्हणाली, "येड्या, बरोबरीत आपण दोघंही सांगलीला गेलो असतो. म्हणून तर विचारलं. मला वाटलं, तुला यायचंय."
घरी पट मांडला. सकाळपासून बघतोय. सापळा कुठंच सापडत नाही.
केवढा खोल असेल!